सिंगल माल्ट स्कॉच: बार्ली भिजवण्यापासून बाटली भरेपर्यंत, कुठे काय चुकतं

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीवर काम शिकलेली मुलं सिंगल माल्टकडे वळली की त्यांच्या हातून ठरावीक चुका होतात. यंत्रं त्यांना कळतात, मेहनतीलाही ती कमी नसतात. पण मळीच्या कामात हिशेब साधा असतो: टनामागे लिटर किती निघाले आणि स्पिरिट किती शुद्ध आहे. तोच हिशेब इथे लावला की चव हातची जाते. दुसरीकडे हॉटेल मॅनेजमेंटचे विद्यार्थी आणि स्कॉटलंडला डिस्टिलरी बघून आलेले हौशी लोक यांची खात्री असते की सगळी जादू पिंपात घडते, आधीची कामं म्हणजे नुसती तयारी. हेही चूक. सदोष स्पिरिट बारा वर्षं उत्तम पिंपात ठेवलं तरी दोष नाकाला कळतोच.

म्हणून स्कॉटलंडमधल्या जुन्या पद्धतीचा क्रम इथे देतो आहे. प्रत्येक टप्प्यावर काय तपासायचं आणि लोक नेमके कुठे घसरतात, यावर भर आहे.

आधी एक इशारा: हा लेख परवाना असलेल्या डिस्टिलरीत काम करणाऱ्यांसाठी आणि ते काम शिकणाऱ्यांसाठी आहे. घरी दारू गाळणं महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. ब्रिटनमध्येही परवान्याशिवाय ते करता येत नाही. शिवाय अल्कोहोलची वाफ ठिणगीने पेट घेते. घरच्या गॅसवर प्रयोग करू नका.

## सुरू करण्याआधी

नियमांची चौकट पाठ करा. २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांनुसार सिंगल माल्टसाठी फक्त पाणी आणि मोड आणलेली बार्ली, म्हणजे माल्ट, चालते. आंबवण्यासाठी यीस्ट, एवढीच भर. काम एकाच डिस्टिलरीत, एकेक घाणा भरून, पॉट स्टिलमध्ये, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या तांब्याच्या मोठ्या भांड्यात व्हायला हवं. पुढे स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं. बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल. आपल्याकडे धान्यावर चालणाऱ्या डिस्टिलरीत बाहेरून एन्झाइम घालतात. इथे त्याला बंदी आहे. पिष्टाची साखर करणारी एन्झाइम बार्लीच्या दाण्यातूनच यायला हवीत. त्यामुळे पहिल्या तीन टप्प्यांत जे बिघडतं, त्याला पुढे पुडी टाकून सावरण्याचा रस्ता उरत नाही.

'सिंगल'चा अर्थ नीट घ्या. एक डिस्टिलरी, इतकाच. एकाच पिंपातली किंवा एकाच घाण्यातली व्हिस्की असा त्याचा अर्थ होत नाही. शंभर पिंपं एकत्र केली तरी ती सगळी एकाच डिस्टिलरीची असतील तर माल सिंगल माल्टच.

तयारी उलट्या क्रमाने करा. आधी पिंपांची सोय बघा, मग आंबवण्याच्या टाक्यांची, मग स्टिलची, आणि सगळ्यांत शेवटी बार्ली मागवा. एका मॅशमधून, म्हणजे दळलेल्या माल्टमध्ये गरम पाणी मिसळून केलेल्या घाण्यातून, निघणारा गोड रस एका टाकीत मावायला हवा आणि त्या टाकीतला माल स्टिलमध्ये ठरलेल्या वेळी उतरायला हवा. हा मेळ बसला नाही की कुठेतरी घाई होते आणि ती घाई नेहमी आंबवण्याच्या वेळेवर निघते.

पाण्याचे दोन हिशेब ठेवा: मॅशसाठी लागणारं आणि वाफ थंड करायला लागणारं. दुसरं कितीतरी जास्त लागतं. स्कॉटलंडमधल्या जुन्या डिस्टिलऱ्या उन्हाळ्यात काही आठवडे बंद ठेवत, कारण ओढे आटत आणि उरलेलं पाणी कोमट होई. देखभालीची कामंही त्याच दिवसांत उरकली जात.

## १. बार्ली निवडणं आणि भिजवणं

दोनओळी (कणसात दाण्यांच्या दोन ओळी असलेली), कमी नायट्रोजनची बार्ली घ्या. नायट्रोजन जास्त म्हणजे प्रथिनं जास्त आणि पिष्ट कमी. दीड टक्क्याच्या आसपास असेल तर उत्तम. नुकतीच कापणी झालेली बार्ली लगेच भिजवू नका. दाणा काही आठवडे निद्रिस्त असतो, त्या काळात त्याला मोड एकसारखे येत नाहीत.

तपासा: ओल्या कागदावर शंभर दाणे ठेवा आणि तीन दिवसांनी मोजा. मोड आलेले दाणे ९८ पेक्षा कमी भरले तर तो माल पशुखाद्याला द्या. न उगवलेला दाणा पुढे बुरशीला घर देतो आणि मॅशमध्ये काहीच देत नाही.

भिजवण्याचा हेतू दाण्यातला ओलावा साधारण १२ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांपर्यंत नेण्याचा. याला दोन ते तीन दिवस लागतात. इथली नेहमीची चूक म्हणजे बार्ली सलग पाण्यात बुडवून ठेवणं. मटकीला मोड आणताना आपण रात्रभर भिजवून पाणी काढून टाकतो आणि फडक्यात बांधतो, कारण दाण्याला श्वास लागतो. बार्लीचंही तेच. पाणी भरा, काही तासांनी पूर्ण काढा, दाणे हवेवर राहू द्या, मग पुन्हा भरा. अशा दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात. बुडून गुदमरलेल्या बार्लीला आंबूस वास येतो. तो आला तर मोड अर्धवट येणार हे गृहीत धरा.

## २. जमिनीवर मोड आणणं

भिजलेली बार्ली दगडी किंवा सिमेंटच्या थंड जमिनीवर साधारण वीतभर जाडीच्या थरात पसरतात. मोड येताना दाणा उष्णता सोडतो. थर हलवला नाही तर मधला भाग तापतो, मुळ्या एकमेकींत गुंततात आणि सगळ्याची चटई होते. म्हणून लाकडी फावड्याने आणि दाताळ्याने थर दिवसरात्र काही-काही तासांनी परतावा लागतो. हे काम वर्षानुवर्षं केलेल्या माणसांचा एक खांदा उतरायचा. त्याला तिथे 'मंकी शोल्डर' म्हणत. आज कॅम्पबेलटाउनची स्प्रिंगबँक डिस्टिलरी आपला सगळा माल्ट अशा जमिनीवर करते. बॉलव्हेनी, बोमोर, लफ्रॉइग, किलहोमन आपल्या गरजेचा काही भाग करतात. बाकी बहुतेकजण मोठ्या माल्टिंग कारखान्यांतून आणतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण शिकायचं असेल तर जमिनीवरच शिकावं, कारण इथे दाणा हातात येतो.

थराचं तापमान १५ ते २० अंशांच्या दरम्यान ठेवा. थर तापला तर तो पातळ करा आणि खिडक्या उघडा, गारठला तर जाड करा. काम पाच ते सात दिवसांचं. थंडीत थोडं लांबतं.

तपासा, आणि हाताने तपासा. थराच्या मधून एक दाणा उचला, टरफल नखाने सोलून टाका आणि आतला गर अंगठा आणि तर्जनीत चोळा. गर खडूसारखा पसरला, बोटावर पांढरी, गुळगुळीत रेघ उठली तर माल्ट तयार. टोकाला बारीक कडक कण लागला तर आतलं पिष्ट अजून मोकळं झालेलं नाही, आणखी एक दिवस द्या. हेच थराच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून, वरून आणि तळातून निदान दहा-बारा दाण्यांवर करा. भिंतीजवळचे दाणे नेहमी मागे असतात.

नेहमीची चूक: बाहेर दिसणाऱ्या मुळ्या बघून अंदाज बांधणं. मुळ्या लांब असल्या म्हणून काही ठरत नाही. टरफलाखालून वर सरकणारा कोंब बघा. तो दाण्याच्या लांबीच्या पाऊण भागापर्यंत पोहोचला की थांबायची वेळ झाली. कोंब टरफलाबाहेर आला म्हणजे ज्या पिष्टापासून अल्कोहोल व्हायचं, ते रोपाने खाऊन टाकलं.

## ३. भट्टीत वाळवणं

आता मोड थांबवायचा, पण एन्झाइम जिवंत ठेवायची. ४५ टक्के ओलावा चार-पाच टक्क्यांवर आणायचा आहे. घाई करून सुरुवातीलाच आच वाढवली तर ओला दाणा शिजतो आणि एन्झाइम मरतात. कोरड्या दाण्यातली एन्झाइम उष्णता बरीच सोसतात, ओल्यातली सोसत नाहीत. म्हणून ओलावा उतरेपर्यंत तापमान ६० अंशांच्या खाली ठेवा आणि मगच हळूहळू ७० च्या आसपास न्या.

पीटचा, म्हणजे दलदलीत कुजून दडपलेल्या वनस्पतींच्या विटांचा धूर द्यायचा असेल तर तो सुरुवातीलाच द्या. धूर ओल्या टरफलाला धरतो. माल कोरडा झाल्यावर कितीही पीट जाळलं तरी ते वाया जातं. पीट धुमसायला हवं; ज्वाळा उठली की उष्णता वाढते आणि धूर कमी होतो.

लक्षात घ्या: अमुक व्हिस्की इतक्या पीपीएमची (दहा लाख भागांत किती भाग), असा आकडा सांगितला जातो तो माल्टमधल्या फिनॉलचा, म्हणजे धुराच्या वासाच्या घटकांचा. मॅश, आंबवण आणि ऊर्ध्वपातन यांत त्यातला बराच भाग गळतो. त्यामुळे पीपीएमवरून ग्लासातल्या धुराचा अंदाज बांधता येत नाही.

वाळल्यावर मुळ्या झाडून काढा आणि माल्टला दळण्याआधी काही आठवडे विश्रांती द्या.

## ४. दळणं

काम लहान, पण धोका मोठा. दळण्याआधी खडे आणि लोखंड वेगळं काढणारी यंत्रणा चालू आहे का ते बघा. रोलरमध्ये खडा गेला तर ठिणगी उडते, आणि हवेत तरंगणारं बारीक पीठ स्फोटासारखं पेटतं.

दळण साधारण २० टक्के टरफल, ७० टक्के भरड आणि १० टक्के पीठ असं हवं. हे तीन कप्प्यांच्या चाळणीच्या पेटीत हलवून तपासतात. पीठ जास्त झालं की मॅशच्या भांड्याचा तळ तुंबतो. टरफल फाटलं की गाळण्यासाठी लागणारा थरच बसत नाही.

## ५. मॅशिंग

दळणात गरम पाणी मिसळून पिष्टाची साखर करून घ्यायची. पाणी तीनदा देतात. पहिल्या पाण्यानंतर मिश्रण ६३.५ ते ६४ अंशांवर स्थिरावलं पाहिजे. दुसरं पाणी ७५ अंशांच्या आसपास. तिसरं ८५ अंशांच्या वर. त्यात साखर फार थोडी उरते, म्हणून ते आंबवायला न नेता पुढच्या मॅशचं पहिलं पाणी म्हणून वापरतात.

नेहमीची चूक: पाण्याचं तापमान मोजून समाधान मानणं. दळण थंड असतं, त्यामुळे पाणी मिश्रणाच्या लक्ष्यापेक्षा काही अंश जास्त गरम लागतं. हिवाळ्यात आणखी थोडं. मोजायचं ते मिश्रणाचं तापमान, आणि भांड्यात एकाहून अधिक ठिकाणी. दोन-तीन अंश वर गेलात तर साखर करणारं एक महत्त्वाचं एन्झाइम निकामी होऊ लागतं.

गाळताना ओढ लावू नका. सावकाश उतरवलेला स्वच्छ रस पुढे फळांच्या वासाचं, हलकं स्पिरिट देतो. गढूळ रसातून धान्याची, सुक्यामेव्याची झाक येते. काही डिस्टिलऱ्यांना तीच हवी असते. काय हवं ते आधी ठरवा आणि दर घाण्याला तसंच करा.

बिअरच्या कामातून आलेल्यांना सवयीने हा रस उकळावासा वाटतो. उकळू नका. त्यातली एन्झाइम आंबवण्याच्या टाकीतही काम करत राहतात. रस २० अंशांखाली थंड करा आणि मगच यीस्ट. मागे उरलेला चोथा गुरांच्या खाद्याला जातो.

## ६. आंबवणं

पारंपरिक टाक्या डग्लस फर किंवा लार्चच्या लाकडाच्या असतात. १६ ते २० अंशांवर यीस्ट घातलं की तापमान आपोआप चढतं आणि ३३-३४ अंशांपर्यंत जातं. त्याच्या वर गेलं तर यीस्ट दम टाकतं. म्हणून उन्हाळ्यात सुरुवात खालच्या तापमानाला करा. फेस जोरात चढतो, तो कापणारी पाती वेळेवर चालू करा.

साधारण ४८ तासांत साखर संपते आणि सात ते नऊ टक्के अल्कोहोलचा वॉश तयार होतो. मळीचा अनुभव असलेला माणूस इथेच टाकी रिकामी करतो, कारण अल्कोहोल आता वाढणार नसतो. थांबा. यीस्ट थकल्यानंतर लॅक्टिक जिवाणूंचं काम सुरू होतं. आंबटपणा वाढतो आणि त्यातून फळांच्या वासाची संयुगं तयार होतात. ७० ते १०० तास दिलेला वॉश आणि ४८ तासांचा वॉश यांतला फरक नवख्यालाही वासावरून सांगता येतो. माझं मत विचाराल तर सगळ्या प्रक्रियेत सर्वांत स्वस्तात मिळणारी चव हीच आहे. तिच्यासाठी फक्त एक जादा टाकी लागते.

लाकडी टाकी वाफेने धुवा, पण ती निर्जंतुक करण्याच्या मागे लागू नका.

इशारा: आंबवणाऱ्या टाकीवर वाकून वास घेऊ नका. पृष्ठभागावर कार्बन डायऑक्साइडचा थर असतो; एका खोल श्वासात डोळ्यांपुढे अंधारी येते. रिकाम्या टाकीत तर हवा तपासल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नका.

## ७. पहिलं ऊर्ध्वपातन

वॉश स्टिल दोन-तृतीयांशाच्या आसपास भरा. त्याच्या मानेला काचेची खिडकी असते, त्यातून फेस दिसतो. उकळी येताना आच कमी करा आणि फेस खिडकीच्या वर जाऊ देऊ नका. तो मानेवरून पलीकडे गेला तर कच्चा वॉश कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या यंत्रात उतरतो आणि सगळा घाणा गढूळ होतो. फेस बसला की आच पुन्हा वाढवता येते. बाहेर पडणाऱ्या धारेची तीव्रता एक टक्क्यापर्यंत उतरली की थांबा. एकत्र जमलेल्या 'लो वाइन्स'ची तीव्रता २१ ते २५ टक्के असते.

गोव्याच्या वाचकांना ही रचना ओळखीची वाटेल. काजूच्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन म्हणजे उर्राक, आणि पुढच्या ऊर्ध्वपातनातून फेणी. तिथेही तांब्याचं भांडं वापरतात. तांबं वाफेतली गंधकाची संयुगं पकडून ठेवतं. त्यामुळे वाफ तांब्याच्या सहवासात जितकी जास्त राहील, तितकं स्पिरिट स्वच्छ. आच वाढवून काम उरकलं की हा सहवास कमी होतो आणि शिजलेल्या कोबीसारखा वास येतो.

## ८. दुसरं ऊर्ध्वपातन आणि धार तोडणं

इथे हात सावध हवा. स्पिरिट स्टिलमध्ये लो वाइन्सबरोबर मागच्या घाण्याची सुरुवातीची आणि शेवटची धारही भरतात.

आधी तपासा: या एकत्रित मालाची तीव्रता ३० टक्क्यांच्या खाली आहे ना? वर गेली तर तेलकट घटक वेगळे न होता विरघळून राहतात आणि पुढची परीक्षा फसवते. लागल्यास पाणी घाला.

आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणजे सर्वांत अस्सल अशी समजूत पक्की आहे. इथे पहिली धार बाजूला काढतात. तिच्यात तीक्ष्ण, नाकाला झोंबणारे हलके घटक असतात, शिवाय नळीत चिकटून राहिलेली मागच्या घाण्याची मेदाम्लं ती धुऊन आणते. ती कधी संपली हे कसं ओळखायचं? धार कुलूपबंद काचेच्या पेटीतून वाहते, त्यामुळे चाखता येत नाही. पेटीबाहेरच्या मुठी फिरवून धारेचा नमुना आतल्या भांड्यात घ्यायचा आणि त्यात पाणी मिसळून तीव्रता ४५.७ टक्क्यांवर आणायची. मिश्रण दुधाळ झालं तर मेदाम्लं अजून येताहेत. ते काचेसारखं नितळ राहिलं की मूठ फिरवून धार मधल्या भागाकडे वळवायची. याला साधारण १० ते ३० मिनिटं लागतात, पण घड्याळावर विसंबू नका. मागचा घाणा जास्त ताणला असेल तर आज वेळ वाढणार.

मधली धार, म्हणजे पुढे पिंपात भरायची ती, ७५ टक्क्यांच्या आसपास सुरू होते. कुठे तोडायची हे प्रत्येक डिस्टिलरी ठरवते. बहुतेकांचा आकडा ६० ते ६५ टक्क्यांत असतो. धुराचे घटक उशिरा येतात, म्हणून पीट दिलेल्या मालात धार खालपर्यंत जाऊ देतात. हलकं, फळांचं स्पिरिट हवं असेल तर लवकर तोडतात. उशिरा तोडलं तर ओल्या चामड्याचा, घामट वास स्पिरिटमध्ये शिरतो. लिटर वाढवण्यासाठी तोड दोन टक्के खाली नेण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा. उरलेली धार वाया जात नाही, ती पुढच्या घाण्यात परत येते.

वाफ कशी थंड करता यानेही फरक पडतो. डलव्हिनी डिस्टिलरीने १९८६ मध्ये पाण्याच्या हौदात बुडवलेली जुनी वेटोळी नळी काढून नवे कंडेन्सर बसवले. नव्या कंडेन्सरमध्ये तांबं जास्त, त्यामुळे स्पिरिटचा जडपणा गेला. शेवटी १९९५ मध्ये जुनी पद्धत परत आणली. यंत्रणा बदलण्याआधी हे उदाहरण आठवा.

## ९. पिंप भरणं आणि सांभाळणं

नवं स्पिरिट पाणी घालून सहसा ६३.५ टक्क्यांवर आणतात आणि मग पिंपात भरतात. बहुतेक पिंपं आधी वापरलेली असतात: बर्बन या अमेरिकन व्हिस्कीचं सुमारे २०० लिटरचं, हॉग्सहेड सुमारे २५० चं, शेरी या स्पॅनिश वाइनचं बट सुमारे ५०० चं.

भरण्याआधी प्रत्येक पिंपाचा वास घ्या. बूच काढा आणि नाक तोंडाशी न्या. गोडसर, लाकडाचा किंवा वाइनचा वास ठीक. व्हिनेगर, बुरशी किंवा विझवलेल्या काडीसारखा गंधकाचा वास आला तर ते पिंप बाजूला. दहातलं एक नाकारावं लागलं तरी नाकारा.

दगडी भिंती आणि मातीची जमीन असलेल्या बुटक्या गोदामात पिंपं तीनच्या थरात आडवी रचतात. स्कॉटलंडमध्ये दरसाल साधारण दोन टक्के उडून जातं. दमट हवेमुळे तीव्रताही हळूहळू उतरते. जुन्या पिंपांची तीव्रता नियमित मोजा. ४० च्या खाली गेली तर ती व्हिस्की म्हणून विकता येत नाही. गोवा किंवा बेंगळुरूसारख्या उष्ण ठिकाणी माल कितीतरी वेगाने उडतो आणि लाकडाची चवही लवकर उतरते. म्हणून तिथल्या पॉल जॉन किंवा अमृत व्हिस्कीच्या वयाची स्कॉचच्या वयाशी थेट तुलना करू नका.

## १०. बाटली

निवडलेली पिंपं एकत्र करा, काही आठवडे मुरू द्या आणि पाणी थोडं-थोडं करून घाला. एकदम घातलं की चव विस्कटते. ४६ टक्क्यांच्या खाली व्हिस्की थंडीत धुरकट होते, म्हणून अनेकजण ती थंड करून गाळतात. त्यात थोडा जडपणा जातो. ४६ किंवा वर ठेवून गाळणं टाळावं, असं मी सांगेन. रंगासाठी साधं कॅरॅमल कायद्याने चालतं, गोडी किंवा चवीसाठी काहीही घालता येत नाही. २०१२ च्या नोव्हेंबरपासून सिंगल माल्ट स्कॉच बाटलीतही स्कॉटलंडमध्येच भरावी लागते. लेबलवर वय छापायचं तर मिश्रणातल्या सर्वांत कमी वयाच्या पिंपाचं छापा: अठरा वर्षांच्या नऊ पिंपांत दहा वर्षांचं एक गेलं की बाटलीवर १०.